पाणबुडीचा इसार

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. सकाळी भंगारवाल्याने माझ्या हातावर दोन हजार रुपये इसार ठेवला. हजर आम्ही पाच जण होतो: मी, माझा नवरा, माझा मोठा भाऊ, खदान भाड्याने घेऊन तिच्यात मासे पाळणारा शेतकरी, आणि भंगारवाला स्वतः. जागा कारंजाच्या अलीकडची, गिट्टीची बंद पडलेली खदान. माल म्हणजे एक पाणबुडी, लोखंडाचं वजन एक हजार पन्नास किलो, भाव किलोला तीस रुपये.

सौद्याला अट होती आणि ती माझी होती. नवरा पाणबुडीत बसून तळाला जाईल. पाणबुडी आपली आपण वर आली, तर घरी न्यायची आणि भंगारवाल्याचा इसार परत. दोरीने ओढून काढावी लागली, तर त्याच दिवशी त्याच्या टेम्पोत. माझं म्हणणं साधं होतं. जी वस्तू दुसऱ्याने ओढून काढावी लागते तिला पाणबुडी म्हणत नाहीत, ती विहिरीत पडलेली टाकी. नवऱ्याने चौघांसमोर होकार दिला होता. तीन वर्षं ती टाकी आमच्या गॅरेजच्या तोंडाशी उभी होती आणि तिच्यामुळे ट्रक आडवा लावावा लागत होता, तेव्हा नाही म्हणायला त्याला तोंडही नव्हतं.

नवऱ्याचं गॅरेज हायवेवर आहे. ट्रकचे ब्रेक हे त्याचं मुख्य काम. जोडधंदा म्हणून विहिरीत पडलेल्या मोटारी काढून देतो. पाइप निसटून मोटार तळाला गेली की लोक त्याला बोलावतात. तो काठावर उभा राहून लोखंडी गळ सोडतो, डोळे मिटून दोरीवरून तळ चाचपतो आणि मोटार वर आणतो. एकदा जेवताना तो म्हणाला, "जिंदगीभर वरूनच चाचपून राह्यलो. खाली काय असते, एकदा पाहून तं येऊ." मी त्याला भाजी वाढली आणि काही बोलले नाही. माझं गप्प राहणं त्याने होकारात धरलं. महिनाभरात बंद पडलेल्या एका सूतगिरणीतली हवेची मोठी टाकी दारात आली. ती त्याला याच भंगारवाल्याने चौतीस रुपये किलोने विकली होती. त्यामुळे त्या रविवारी भंगारवाला टाकीला टेकूनच उभा होता. "वहिनी, माझीच पोरगी हाय. माहेरी आली तं मले काई जड नाई," असं म्हणत होता.

"चौतीसची तिसाले मागून राह्यले, आन म्हणे माहेर," नवरा म्हणाला.

टाकीला वरून माणूस शिरेल असं धुराडं लावलं होतं आणि त्यावर रबर बसवलेलं झाकण. समोर जाड पारदर्शक काचेची एक खिडकी. दोन बाजूंना ट्रकच्या ब्रेकच्या वीस-वीस लिटरच्या दोन टाक्या. या टाक्यांत पाणी घेतलं की पाणबुडी खाली जाते, हवा सोडून पाणी बाहेर ढकललं की वर येते. चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. लोखंड, बॅटऱ्या, गिट्टी आणि माणूस धरून सतराशे किलोची वस्तू वर-खाली करायला एवढंच बळ, म्हणून बाकीचं वजन काटेकोर जुळावं लागतं. ते जुळवायचं काम माझं. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिते, आणि घरात आकड्याचं जे काही असेल ते माझ्याकडे येतं.

पाणबुडी म्हटलं की लोकांना आत बसलेला माणूस दिसतो. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त काम पाण्याच्या वर असतं, आणि ते कोणाला दिसत नाही कारण ते नीट झालं तर काही घडतच नाही. ट्रॉलीवर ती हलू नये म्हणून खाली टायर. उतारावर ट्रॅक्टर उलटा घालायचा, तर चाकामागे दगड घेऊन एक माणूस चालतच राहिला पाहिजे. पाण्यात ट्रॉली किती जाऊ द्यायची याची खूण चाकावर चुन्याने केलेली. पुढची दोरी एकाच्या हातात, मागची दुसऱ्याच्या. मागची दोरी शेवटपर्यंत सोडायची नाही. तिला दर तीन फुटांवर गाठ, म्हणजे किती खोल गेला ते हातालाच कळतं. पाणबुडीच्या पाठीला बारीक सुतळीने बांधलेला तेलाचा पिवळा कॅन, तो पाण्यावर तरंगतो आणि खाली ती कुठे आहे ते सांगतो. शिवाय जुन्या टेलिफोनचे दोन रिसीव्हर, मध्ये वायर. फोन बंद पडला तर दोरीला हिसके: एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे वर येतो, तीन म्हणजे ओढा. झाकण लावल्यापासून चाळीस मिनिटं, त्यापुढे मी कोणाचंही न ऐकता ओढायला लावणार, हेही ठरलेलं. आतली हवा त्याहून जास्त वेळ पुरते, पण पुरते तितकी वापरायची नाही, असा माझा नियम आहे. पगाराच्या बाबतीतही तोच आहे.

माणूस न बसवता तीन वेळा आम्ही ती याच खदानीत बुडवून काढली होती. तेव्हा नवऱ्याच्या जागी त्याच्या वजनाची गिट्टी बसवली होती, चौऱ्याहत्तर किलो. गिट्टी बोलत नाही, त्यामुळे ती कामं शांतपणे झाली.

खदानीची जागा आम्हाला फुकट मिळाली होती. खदानवाला शेतकरी म्हणाला होता, भाडं नको, फक्त खाली माझे मासे किती उरले ते पाहून सांगा. दोन वर्षांपूर्वी त्याने कतला सोडले होते आणि जाळ्यात हल्ली काही येत नव्हतं. मासे चोरीला गेले की शहाणे झाले, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं. ट्रॅक्टर आणि ट्रॉली त्याचीच. रिकाम्या ड्रमांवर फळ्या ठोकलेला त्याचा तराफाही होता, त्यावरून तो माशांना खाद्य टाकायचा.

दादा, म्हणजे माझा भाऊ, आर्वीच्या बाजारात मापारी आहे. आलेल्या मालाचं वजन करणं हे त्याचं काम, आमच्या वडिलांचंही तेच होतं. वडिलांच्या वेळची वीस किलोची ओतीव लोखंडी वजनं, वर कडी असलेली, त्याने जपून ठेवली आहेत. आता सगळे काटे बॅटरीवर चालतात, पण दादा दर दिवाळीला ती वजनं पुसून तेल लावतो. त्यांपैकी तीन त्याने पाणबुडीसाठी उसनी दिली होती. ती एका साखळीत ओवून पाणबुडीच्या पोटाखाली अडकवली होती आणि आतून एक दांडा ओढला की सुटतील अशी सोय केली होती. ही सोय अडीअडचणीसाठी. पण देताना दादा म्हणाला होता, "जवाई, सोय करा, पण सोडू नोका बरं. बाबांची आहेत." नवऱ्याने त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. अडीअडचणीची वस्तू वापरायची नाही असा शब्द देण्यात काय अर्थ आहे, असं मी तेव्हा म्हटलं. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पंगतीत भाव विचारला.

आदल्या दिवशी एक घोळ निस्तरावा लागला होता. वजन जुळवायला टाकीत खताच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बारीक गिट्टी भरून ठेवली होती. उन्हाने त्या पिशव्या कुजून फाटल्या. माझ्या हिशेबाने तीनशेवीस किलो गिट्टी हवी, म्हणजे वीस किलोची सोळा पोती. शनिवारी मी जिनिंगमध्ये होते. दादा आपला काटा घेऊन आला, बाजारातून बारदाना, म्हणजे तागाची रिकामी पोती, आणली आणि संध्याकाळपर्यंत सोळा पोती भरून शिवून ठेवली. एक जास्तीचं भरलं, कमी पडलं तर असावं म्हणून. मी घरी आल्यावर विचारलं, "बरोबर वीस-वीस?"

दादा नुसता हसला. तीस वर्षं मापारी असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो.

रविवारी इसार देऊन झाल्यावर आम्ही कामाला लागलो. खदानवाला ट्रॅक्टर उलटा घालत होता, चाकामागे दगड घेऊन भंगारवाला. त्याने स्वतःहून ते काम मागून घेतलं होतं, आपला माल आपटू नये म्हणून. ट्रॉली चुन्याच्या खुणेपर्यंत पाण्यात गेली. पाणबुडी टायरांवरून सुटली आणि डुलायला लागली. नवऱ्याने चप्पल काढून माझ्यापाशी ठेवली आणि धुराड्यात शिरला.

"देवळात चालले का, जवाई?" दादा म्हणाला.

"आत चिखल नाई पायजे मले."

झाकण लागलं. मी घड्याळ पाहिलं. खदानवाल्याने तराफ्यावरून बांबूने रेटत पाणबुडी मध्यावर नेली. तिथे तळ बावीस फुटांवर होता, तो मी आधीच मोजला होता.

धुराड्यावर मी पांढऱ्या रंगाचा एक पट्टा काढला होता. टाक्यांत पाणी घेण्याआधी तो पट्टा पाण्याच्या वर दिसला पाहिजे. दिसला नाही तर वजन जास्त आहे. यासाठीच तो पट्टा. मी फोनवर म्हटलं, "अजी, थांबा. पट्टा पाहू द्या."

"पाह्यला म्या."

"तुम्ही आत आहात. तुम्हाला कसा दिसला?"

"अवं, दिसते सगळं," असं म्हणत त्याने टाक्यांच्या तोट्या उघडल्या. तीन वर्षं थांबलेला माणूस आणखी अर्धा मिनिट थांबला नाही. मला दिसले ते बुडबुडे, आणि मग पिवळा कॅन एकटाच पाण्यावर नाचताना.

दोरी सावकाश जायला हवी होती. ती माझ्या तळव्यांतून सरसर गेली. तीन फुटांची गाठ, सहा, नऊ, मी मोजता मोजता एकवीसपर्यंत, आणि मग एकदम ढिली. फोनमध्ये धप्प असा आवाज आला.

"अजी?"

"हाव. आलो खाली." आवाज खुशीत होता. "जरा जोरातच आलो."

"लागलं का?"

"नाई. टोपी पडली."

काठावर दादा आणि भंगारवाला माझ्याभोवती गोळा झाले होते. खदानवाला तराफ्यावरूनच ओरडला, "मासे विचारा ना, वहिनी."

मी विचारलं. नवरा म्हणाला, "अजून काई दिसून नाई राह्यलं. आपण आलो तं सगळी धूळ उठली. चहात बसल्यासारखं वाटते." थोड्या वेळाने म्हणाला, "थांब, एक चप्पल हाय. डाव्या पायाची." मी फोन कानाला घट्ट धरला. "आला. एक आला. अवं, पायलीएवढं तोंड त्याचं. खिडकीपाशी येऊन पाहून राह्यला मले."

मी हे जसंच्या तसं खदानवाल्याला सांगितलं. तो तराफ्यावर खालीच बसला. "हायेत म्हणजे," तो म्हणाला. "किती, ते विचारा."

नवऱ्याने मोजायला सुरुवात केली. मासे फिरत असतात, तेव्हा एकच मासा दोनदा मोजू नका असं मी बजावलं. एकाच्या शेपटीला खाच आहे, त्याच्यापासून मोजतो, असं तो म्हणाला. अकरा भरले. दहा-पंधरा मिनिटं आम्ही पाचही जण इतके खुश होतो की अट कोणाच्या डोक्यात नव्हती. भंगारवालासुद्धा फोन मागत होता. "मले पण ऐकू द्या ना, वहिनी, कसा आवाज येते ते." मी त्याला फोन दिला. तो ओरडून म्हणाला, "भाऊ, लोखंड गंजून तं नाई राह्यलं?" खालून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्याने फोन चटकन परत दिला.

मग मी म्हटलं, "आता वर या."

हवा सोडल्याचा आवाज फोनमध्ये आला. टाक्यांतलं पाणी बाहेर पडल्याचे बुडबुडे वर आले, भरपूर. कॅन जागचा हलला नाही. दोरी हलली नाही.

"या ना."

"येतो. जरा चिकटली हाय खाली." तो आत पुढे-मागे सरकून पाणबुडी हलवत होता, हे दोरीवरून कळत होतं. खदानीचा तळ म्हणजे गिट्टीच्या भुकटीचा गाळ, लोण्यासारखा. त्यात पाणबुडीखालचे लोखंडी पाय रुतले होते. "जोर कमी पडून राह्यला," नवरा म्हणाला. "टाक्या तं पूर्ण रिकाम्या झाल्या. मले समजून नाई राह्यलं, काऊन उचलत नाई ते."

भंगारवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि टेम्पोचं मागचं फळकूट उघडून ठेवलं. मुद्दाम नाही, पण उघडलं.

दादाने दोरीला हात घातला. "ओढू, बाई. चौघं मिळून ओढली तं निघते. माणूस आत हाय."

फोन माझ्या कानाला होता. नवऱ्याने ते ऐकलं असावं. तो म्हणाला, "अवं, दोरी नको. वेळ हाय ना अजून? मले इथं काई त्रास नाई. दोरी नको ओढू."

त्याचा आवाज घाबरलेला नव्हता. घाबरला असता तर मी त्याच क्षणी ओढायला लावलं असतं. दारातली वस्तू कोणी नेऊ नये म्हणून माणूस काढतो तसला तो आवाज होता. घड्याळात अजून अठरा मिनिटं होती. मी दादाला म्हटलं, "चाळीस झाले की मी स्वतः तुझ्याआधी ओढीन. तोवर हात काढ."

दादाने हात काढला.

मी विचार आकड्यांवरून करते, दुसरा मला येत नाही. ती जोरात खाली गेली, म्हणजे जड होती. टाक्या रिकाम्या होऊनही वर येत नाही, म्हणजे चाळीसपैकी बरंचसं बळ त्या जडपणात गेलं. नवरा चौऱ्याहत्तरच. बॅटऱ्या त्याच. टाकीचं लोखंड वाढत नाही. मागच्या खेपेनंतर बदललेली वस्तू एकच, ती म्हणजे पोती. आणि सतरावं पोतं तिथेच काठावर, माझ्या पायापाशी पडलं होतं.

"काटा कुठे आहे?" मी विचारलं.

दादाचा काटा घरी होता. भंगारवाल्याच्या टेम्पोत लटकवायचा काटा होता. तो त्याने आनंदाने आणून दिला. पोतं टांगलं. एकवीस किलो तीनशे.

"भंगारवाल्याचा काटा हाय तो," दादा म्हणाला. "त्याच्यावर एकवीस आलं तं खरं बावीस असन."

"भाऊ, असं नोका बोलू," भंगारवाला म्हणाला. "धंदा करतो मी."

वाद घालायला वेळ नव्हता. चहासाठी आणलेलं एक किलो साखरेचं बंद पाकीट पिशवीत होतं. मी ते टांगलं. काट्याने एक किलो दाखवलं, वर पाकिटाचे चार-पाच ग्रॅम. भंगारवाल्याने सगळ्यांकडे एकेकदा पाहून घेतलं. काटा चोख निघाल्याने आम्हीच जरा ओशाळलो.

"दादा," मी म्हटलं, "हे वीस किलोचं पोतं आहे?"

"वीसच. माल वीस."

"आणि पोतं?"

दादाने पोत्याची शिवण चाचपली. बाजारात पोत्याचं वजन मालात धरत नाहीत. बारदाना वजा, मग माल. तीस वर्षं त्याने प्रत्येक पोत्यामागे ते वजा केलं आहे, सवयीने, श्वास घेतल्यासारखं. गिट्टी भरतानाही त्याने आधी रिकामं पोतं काट्यावर ठेवून काटा शून्य केला होता आणि मग वीस किलो माल भरला होता. ते झाले सहाशे ग्रॅम.

"उरलेले सातशे?"

"वरून एक-एक ओंजळ टाकली," दादा हळूच म्हणाला. "वीस झाल्यावर. तशी टाकतातच ना. घेणाऱ्याले कमी गेलं असं नाई वाटलं पायजे."

घेणारा बावीस फूट खाली गाळात बसला होता.

एका पोत्यामागे एक किलो तीनशे, सोळा पोत्यांचे वीस किलो आठशे. चाळीसमधून गेले, उरले एकोणीस किलो आणि थोडं वर. तेवढ्या बळाला गाळ सोडत नव्हता. मी हे फोनवर सांगितलं. खालून हसण्याचा आवाज आला. "भाऊनं ओंजळ टाकली? सोळाही पोत्यांत?"

"सोळाही."

"सांगजो त्याले, पावली म्हणा."

पोती आतून बाहेर टाकता येत नव्हती. टाकता येण्यासारखी वस्तू एकच होती, पोटाखालची साठ किलोची साखळी. मी म्हटलं, "दांडा ओढा."

"तो नाई ओढत मी."

"का?"

"शब्द देला हाय."

मी फोन दादाच्या कानाला लावला. दादाने दोन्ही हातांनी धरला. पहिल्यांदाच मासा पकडणाऱ्याने तो धरावा तसा. "जवाई," तो म्हणाला, "सोडा ती." खालून काहीतरी उत्तर आलं. दादा म्हणाला, "बाबांचीच आहेत म्हणून सांगून राह्यलो. बाबा असते तं त्यांनी काय, लोखंड वर ठेवलं असतं आन जवाई खाली? सोडा म्हणतो ना." मग थोडं थांबून, "आन माह्या ओंजळीचं घरी गेल्यावर कोणाले सांगू नोका."

फोनमध्ये खट्ट झालं, ते मलाही शेजारी उभं राहून ऐकू आलं. आधी काहीच नाही. मग दोरी माझ्या हातात एकदम हलकी झाली. कॅन आडवा पडला, सुतळी सैल झाली, आणि खदानवाल्याच्या तराफ्यापासून हातभर अंतरावर पाणी फुगलं. धुराडं गाळाचं पाणी ओकत वर आलं. खदानवाला तराफ्यावरून पडता पडता वाचला. पांढरा पट्टा पाण्याच्या चांगला वर होता. मी तो नीट पाहिला. सकाळी पाहायचा राहिला होता.

झाकण उघडलं तेव्हा घड्याळात सहा मिनिटं शिल्लक होती. नवऱ्याचं डोकं बाहेर आलं, टोपी घामाने भिजलेली. तो पहिल्यांदा बोलला ते खदानवाल्याशी: "अकरा. खाचवाला धरून अकरा."

मग ट्रॉलीवर चढवायचं काम. ते उतरवण्यापेक्षा अवघड, कारण आता टायर ओले असतात, माणसं थकलेली असतात आणि सगळ्यांना बोलायचं असतं. मी दोनदा ओरडून सगळ्यांना गप्प केलं. पुढची दोरी ट्रॉलीच्या हुकात, मागची दादाकडे, भंगारवाला परत दगड घेऊन. पाणबुडी टायरांवर बसली, ट्रॅक्टरने उतार चढला, आणि ती काठावर पाणी गाळत उभी राहिली.

भंगारवाला म्हणाला, "वहिनी, आता दोरीनंच ओढली ना?"

"ती ट्रॉलीवर," मी म्हटलं. "अट वर येण्याची होती."

"बरं. पण सगळी कुठी वर आली? साठ किलो खालीच राह्यलं. अठराशेचा माल हाय तो."

"तो माझा हाय," दादा म्हणाला. "तो तुमच्या सौद्यात नव्हता."

"विकणारा फिरला तं इसार दुप्पट द्या लागते. बाजाराची रीत हाय. विचारा मापाऱ्याले."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला त्याचं म्हणणं आधी नीट मनात मांडून पाहावं लागलं, कारण दुप्पट इसाराची रीत खरीच आहे. पण विकणारा फिरला तर. इथे कोणी फिरलं नव्हतं. अट बोलून ठरली होती. वजनं तळाला राहिली, ती पाणबुडीने स्वतः सोडली. दोरी सगळा वेळ माझ्याच हातात होती, आणि ती ढिली होती की ताणलेली, हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत असणार? ढिली होती. हे मी त्याला असंच सांगितलं. गॅरेजच्या तोंडाशी ट्रक आणखी काही वर्षं आडवे लागणार हे मला तेव्हाच दिसलं होतं, पण त्याचा आणि दोरीचा काही संबंध नव्हता.

भंगारवाल्याने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "इसार तेवढाच. दुप्पट नाई."

"मापारी घरचाच हाय," भंगारवाला म्हणाला, पण टेम्पोचं फळकूट त्याने लावून घेतलं.

चहा झाला, त्याच साखरेचा. नवरा चहा पिताना खाली काय पाहिलं ते सांगत होता, आणि प्रत्येक वेळी माशाचं तोंड मोठं होत होतं. पायलीवरून ते घमेल्यावर गेलं तेव्हा मी त्याला थांबवलं. खदानवाल्याला भाडं घ्यायचं नव्हतंच, उलट तो पुढच्या महिन्यात परत या, दुसऱ्या टोकाचे मोजायचे राहिलेत, असं म्हणाला. पुढच्या रविवारी नवऱ्याने काठावरून आपला गळ सोडला आणि डोळे मिटून चाचपत वडिलांची तिन्ही वजनं साखळीसकट वर आणली. दादाने ती तिथेच पुसली. पोती आम्ही फोडून परत भरली. या वेळी काट्यापाशी मी बसले आणि पोतं धरून वीस किलो केलं. दादा समोर उकिडवा बसला होता. वीस झाले की त्याचा हात गिट्टीच्या ढिगाकडे जायचा, आणि तो आपण होऊन मागे घ्यायचा.

पाणबुडी वर आली त्या रविवारी संध्याकाळी मात्र निघण्याआधी मी हिशेब पुरा केला. सकाळचा इसार दोन हजार, आणि अर्धा दिवस दगड घेऊन चाकामागे चालला, शिवाय काटा वापरायला दिला, त्याचे दोनशे, असे बावीसशे रुपये भंगारवाल्याच्या हातावर ठेवले. वरचे दोनशे त्याने नको म्हटले नाहीत.